व्हरांड्याला काळी जाळी

३ मार्च

व्हरांड्याला जाळी बसवावी की नाही, हा विषय आज जेवताना काढला. कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे, त्यामुळे कुठलाही निर्णय घाईने घ्यायचा नाही ही सवय अंगात मुरलेली. फायदे शांतपणे सांगितले. डास येणार नाहीत, रस्त्याची धूळ येणार नाही, आल्यागेल्याची नजर घरात शिरणार नाही.

बायको म्हणाली, "डास काय आजचे आहेत का? तुम्हाला आत्ताच कसे चावायला लागले?"

सासरेबुवांनी ताटातून मान वर केली नाही. त्यांना बोलता येत नाही. घशाचं ऑपरेशन झालं त्यात आवाज गेला. ऐकू मात्र सगळं येतं, आणि नको ते तर जास्तच येतं.

घर त्यांचं आहे हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे निदान वहीत तरी कुणी मला आठवण करून द्यायला नको. लग्न झाल्यावर तात्पुरते म्हणून इथे राहायला आलो होतो. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. पण अजून कुणाला पत्ता सांगायचा झाला तर 'कंडक्टरच्या घरी' असंच सांगावं लागतं. माझं नाव सांगितलं तर रिक्षावालासुद्धा विचारात पडतो.

६ मार्च

आज सुट्टी. व्हरांड्यात बसून डासांचा अंदाज घ्यायचा होता, पण अंदाज आला तो माणसांचाच.

सासरेबुवा आयुष्यभर बसवर कंडक्टर होते. निवृत्त होताना तिकिटं पंच करायचा चिमटा त्यांनी घरी आणला. (तो जमा करायला हवा होता, असं माझं मत.) आवाज गेल्यापासून तो चिमटाच त्यांची जीभ झालाय. सकाळी कठड्याला खुर्ची लावून बसतात आणि ओळखीचं कुणी दिसलं की चिमटा वाजवतात. एक टिक म्हणजे थांब. दोन टिक म्हणजे चला, सोडा गाडी. बसच्या घंटीचाच हिशेब. आणि लोकही असे खुळे, की एक टिक ऐकली की थांबतात, कठड्यावर कोपरं टेकून घरचं-दारचं सगळं ओततात. सासरेबुवा हातवारे करतात, भुवया उडवतात, गाल फुगवतात. दोन टिक मिळाल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

आज भाजीवाली तिच्या जावयाच्या नावाने किती वेळ बोटं मोडत होती. सासरेबुवांनी नाकाला बोट लावून काहीतरी दाखवलं आणि ती पदर तोंडाला लावून हसत गेली. मी शेजारच्या खुर्चीत होतो. मला 'कसे आहात' म्हणून एकाने विचारलं नाही. इस्त्रीवाल्याने तर गाडी कठड्याला लावून मुक्कामच ठोकला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "कंडक्टर, हे जावईबापू अजून विनातिकीटच का हो?"

सासरेबुवा खांदे हलवून हसले. चिमटा माझ्यासमोर धरून हवेतच एक टिक केली. म्हणजे मला तिकीट फाडलं म्हणे. दोघंही हसले, मग मीही हसलो.

डास फारच होते. जाळी लागेल.

१४ मार्च

जाळीवाला माप घेऊन गेला. दोन नमुने दाखवले. म्हणाला, "करडी विरळ घ्या साहेब. वारा खेळतो, आतल्याला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतला. ही दुसरी काळी, दाट. आतून रस्ता स्वच्छ दिसेल. पण दिवसा बाहेरून बघाल तर आत नुसता काळोख. खुर्चीत माणूस आहे का उशी, कळायचं नाही."

"आणि रात्री?"

"आत दिवा लावला की सगळं उलटं. बाहेरचा तुम्हाला बघणार, तुम्हाला बाहेरचं काही दिसणार नाही."

मी विचार करून कळवतो म्हणालो. विचार तेव्हाच झाला होता, पण लगेच हो म्हटलं की हे लोक डोक्यावर बसतात.

त्याने पायऱ्यांकडे जाळीचं दार ठेवायचं का, असंही विचारलं. दार आलं की उघडझाप आली, आणि उघडझाप आली की डास. ती बाजूही बंदच करायला सांगणार आहे. मागचं दार आहेच. बाहेर पडायचा मार्ग दोन्हीकडून असावा असं मी कारखान्यात दर महिन्याला शिकवतो, पण घर म्हणजे कारखाना नाही.

२२ मार्च

बायकोशी आज वाजलं. ती टपाल कार्यालयात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांशी बोलून घरी येताना तिच्याकडे माझ्यासाठी शब्द उरत नाहीत. आज मात्र भरपूर होते.

"बाबांनी काय करायचं मग?"

"त्यांना आतून सगळं दिसेल. जाळीवाल्याने दाखवलं मला."

"त्यांना दिसेल हो. पण ते कुणाला दिसतील? हातवारे बघायला समोर माणूस नको?"

मी म्हणालो, मुद्दा डासांचा आहे. ती म्हणाली, मुद्दा डासांचा कधीच नव्हता. मग ती भांडी आदळत राहिली आणि मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

खरं लिहायचं तर थोडी शंका मलाही आहे. म्हातारा त्या कठड्यावरच जगतो. पण मग माझ्या मनात येतं, मी एकोणीस वर्षं कुठल्या कठड्यावर जगलो? या रस्त्यावर मला 'जावईबापू'शिवाय नाव नाही. लोक आले की आधी खुर्चीकडे बघतात, ती रिकामी असली तर 'कंडक्टर कुठायत' विचारतात, आणि मी उत्तर दिलं की लगेच निघतात. मला त्यांचा राग येतो. सगळ्यांचा येतो, आणि त्या टिक आवाजाचा तर सगळ्यात जास्त.

२५ मार्च

प्रश्न सुटला, आणि तोही लोकशाही मार्गाने.

रात्रीच्या जेवणाला पुन्हा तोच विषय निघाला, पुन्हा बायकोचा आवाज चढला, मग माझाही. ती उठून डोळे पुसायला आत गेली. ती परत आल्यावर मी सरळ सासरेबुवांनाच विचारलं, "तुम्हीच सांगा. बसवू का जाळी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. लेकीकडे बराच वेळ बघत राहिले. तिचे डोळे लाल झाले होते. मग चिमटा उचलला आणि दोनदा वाजवला. चला, सोडा गाडी.

"बाबा, तुम्ही कशाला..." ती म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा दोनदा वाजवला.

म्हणजे त्यांनाही मनातून हवीच होती. डास काय मलाच चावतात?

२ एप्रिल

जाळी बसली. व्हरांडा ओळखू येत नाही इतका छान दिसतोय. रस्त्यावरून बघितलं तर काळीशार सपाट भिंत. पायऱ्यांच्या वर चौकटीवर मी माझ्या नावाची पितळी पाटी लावून घेतली. तशी ती कधीची करून ठेवली होती, लावायला जागा नव्हती.

सासरेबुवा नेहमीसारखे खुर्चीत बसले. इस्त्रीवाला आला, टिक झाली. तो थांबला, इकडेतिकडे बघायला लागला. मग जाळीला नाक लावून, डोळ्यांभोवती हातांचे पडदे करून आत बघायला लागला. "कंडक्टर, आहात ना? अहो, हात दाखवा की." सासरेबुवा दोन्ही हात हलवत होते. तो जाळीच्या दुसऱ्याच कोपऱ्याशी बोलत होता. शेवटी "हो, हो" म्हणून निघाला. दोन टिक मिळायच्या आधीच निघाला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

११ एप्रिल

फरक पडतोय. भाजीवाली आता रस्त्याच्या मधूनच ओरडते, "कंडक्टर, बरंय ना?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जाते. वाट बघून करणार काय, उत्तर दिसणार आहे थोडंच. शेजारचे वकील पूर्वी कोर्टात जाताना थांबायचे, ते आता पाटी वाचतात आणि मान हलवून जातात. टिक होते, माणसं क्षणभर रेंगाळतात, काळ्या जाळीकडे बघून ओशाळल्यासारखं हसतात आणि निघून जातात. कुणाला भिंतीशी बोलायला आवडत नाही.

घरात शांतता आहे. डासही कमी आहेत. बायको बोलत नाही, तेही एका परीने शांततेतच धरायला हरकत नाही.

१९ एप्रिल

म्हाताऱ्याने आज कमाल केली. कामावरून आलो तर इस्त्रीवाला जाळीला चिकटून उभा आणि हसतोय. जवळ गेलो तर काय, जाळीला भोक. सासरेबुवांनी जाळीची चुणी करून चिमट्याने ती पंच केली होती. एकावर एक, इतक्यांदा, की दोन बोटं बाहेर येतील एवढं भगदाड पडलं होतं. ती बोटं बाहेर आलेली होती आणि इस्त्रीवाल्याने ती हातात धरली होती. मला बघून म्हणाला, "कंडक्टरांनी खिडकी उघडली हो जावईबापू."

नवी कोरी जाळी. भोकाला आतून ठिगळ लावलं आणि रात्री सासरेबुवा झोपल्यावर चिमटा उचलून माझ्या हेल्मेटच्या डब्यात ठेवला. धारदार वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या हातात असणं मुळातच चूक.

२० एप्रिल

सकाळपासून चिमट्याचा शोध. सासरेबुवा उशी उलटतात, खिसे उलटे करतात, लेकीला हवेत बोटं चिमटून दाखवतात. बायकोने आख्खं घर पालथं घातलं. मीही मदत केली, पलंगाखाली हात घालून धूळ काढली. "कुठेतरी हरवला असेल, सापडेल," म्हणालो.

सासरेबुवा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना बोलता येत नाही हे किती चांगलं आहे, हे मला आजच नीट कळलं.

३० एप्रिल

आता ते व्हरांड्यात जायलाच तयार नसतात. सकाळी मी हाताला धरून नेऊन बसवतो. एवढी जाळी कुणासाठी बसवली मग? आज बसवून आत वळलो आणि मागे पाहिलं, तर त्यांनी खुर्ची रस्त्याकडे पाठ करून फिरवली होती. भिंतीकडे बघत बसले होते. मी खुर्ची सरळ केली, त्यांनी पुन्हा फिरवली. मग म्हटलं राहू दे, ज्याची त्याची आवड.

जेवण निम्म्यावर आलंय. बायको म्हणाली, "बाबा वाळत चाललेत." मी म्हणालो, उन्हाळ्यात सगळ्यांचीच भूक मरते.

संध्याकाळी दिवा लावून मी स्वतः व्हरांड्यात बसलो. रस्त्यावरच्यांना मी आता स्वच्छ दिसत असणार, पाटीखालीच होतो. थांबलं कुणीच नाही. निदान मला तरी काही दिसलं नाही.

८ मे

कारखान्यात आग लागल्याची रंगीत तालीम होती. ती लवकर संपली, म्हणून दुपारीच घरी आलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची गाडी.

व्हरांड्यासमोरून जाताना आतून कठड्यावर ठोकल्याचा आवाज आला. चपलेने ठोकत असावेत. एकदाच. मी थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा एकदाच. जाळीत काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. "मी आहे," असं म्हणालो. पुन्हा एक ठोका. दोन नाहीतच, एकेकच. आता चिमटा नाही तर चप्पल, म्हणजे खोड काही जात नाही. भर उन्हात मी उभं राहायचं आणि त्यांचे न दिसणारे हातवारे बघायचे? शिवाय त्या आवाजाने इस्त्रीवाला आला असता तर पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू.

"हो, हो," म्हणालो, वळसा घालून मागच्या दाराने आत गेलो, पाणी प्यायलो आणि पंखा लावून पडलो. ठोके थोडा वेळ येत होते. मग थांबले. लागली एकदाची झोप, म्हटलं.

संध्याकाळी बायको आली, ती आधी व्हरांड्यात गेली.

१२ मे

हे चार दिवस लिहायला सवड नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. हळूहळू गेलं असावं, असंही म्हणाले. वेळेवर कुणी हाक ऐकली असती तर, असं काहीसं पुढे बोलायला लागले, पण बायकोकडे बघून थांबले. सासरेबुवा खुर्चीतून घसरून कठड्याला टेकले होते. रस्त्याकडे तोंड होतं. चप्पल हातात होती.

माणसं इतकी लोटली की मला कल्पना नव्हती. पायऱ्यांकडून वाट नाही, त्यामुळे सगळ्यांना बोळातून मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून एकामागे एक आत यावं लागत होतं. सासरेबुवांना बाहेर न्यायची वेळ आली तेव्हा तर स्वयंपाकाच्या ओट्याजवळ वळणच घेता येईना. शेवटी वकिलांनी जाळी कापा म्हटलं. मी म्हणालो, थोडं तिरकं करून बघू. जमलं.

इस्त्रीवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "त्या दुपारी मी समोरून दोनदा गेलो हो. चिमटा वाजला असता तर थांबलो असतो."

"चिमटा हरवला होता ना," मी म्हणालो.

ठोक्यांचं मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून आता काय होणार? विचारल्याशिवाय जास्तीची माहिती द्यायची नाही, हेही मी कारखान्यात शिकवतो. पण खरं लिहायचं तर दुपारी पडलो की ते ठोके कानात येतात. एक. मग पुन्हा एक. पंखा मोठा केला तरी येतात. पंख्यालाच तेल द्यायला हवं असेल.

२० मे

जाळी करून फायदा झाला का, याचा आज शांतपणे विचार केला. डास नाहीत, हे मान्य करावंच लागेल. धूळही कमी आहे.

दिवसा सुट्टीला व्हरांड्यात बसलो होतो. मी कुणाला दिसत नव्हतो, मला सगळे दिसत होते, आणि ऐकूही येत होतं. भाजीवाली एका नव्या गिऱ्हाइकाला पत्ता समजावत होती. "ते कंडक्टरचं घर आहे ना, त्याच्या पुढचं." गिऱ्हाईक म्हणालं, "पाटीवर तर दुसरंच नाव आहे." ती म्हणाली, "तो होय, तो पिंजरेवाला. त्याचं नाव मला नाही माहीत."

मी आतून खाकरलो. दोघी दचकल्या, जाळीकडे बघितलं आणि पटकन निघून गेल्या.

२६ मे

बायकोने काल माझ्या हेल्मेटचा डबा उघडला. का उघडला ते माहीत नाही. मी आलो तेव्हा चिमटा टेबलावर होता आणि ती समोर बसली होती.

"इस्त्रीवाला म्हणाला, त्या दिवशी तुम्ही दुपारीच आला होतात."

"हो. तालीम लवकर संपली."

"समोरून आलात?"

"समोरूनच येतो ना आपण."

"काही ऐकू आलं?"

मी म्हणालो, दमलो होतो, झोपलो. तिने चिमटा उचलला आणि एकदा वाजवला. मी पाणी आणायला उठत होतो, तो आपोआप जागच्या जागी थांबलो. इतक्या वर्षांची सवय. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. मी थांबलो ते तिने बघून घेतलं, एवढंच. मग उठून आत गेली. चिडली नाही, रडली नाही, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं.

२८ मे

संध्याकाळी दिवा लावून व्हरांड्यात बसलो होतो. दिवा लावला की जाळीबाहेरचं काही दिसत नाही. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने अगदी जवळून आवाज आला. टिक-टिक. दोन.

"कोण आहे?" मी विचारलं.

बाहेर एकच माणूस नव्हता. इस्त्रीच्या गाडीतल्या कोळशाचा वास आला, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, कुणीतरी घसा साफ केला. त्या सगळ्यांना मी दिसत होतो. मग पुन्हा तेच, सावकाश. टिक-टिक.

चिमटा हिने बाहेर कुणाच्या तरी हाती दिला असावा; ही जेवायला बोलावत असेल असं समजून आत गेलो. ताट मांडलेलं नव्हतं. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं होतं, आणि बाहेर पायरीवर माझी बॅग. मला वाटलं, ही बहिणीकडे निघाली असावी. पण उघडून बघितलं तर माझेच शर्ट होते, सगळे, इस्त्रीवाल्याच्या हातची कडक घडी. बघायला म्हणून पायरीवर बसलो, तर मागे कडी लागल्याचा आवाज आला. ही वही शर्टांखाली होती, म्हणून इथेच बसून लिहितोय. इथे डास खूप आहेत.

शर्टांच्या वर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. तिचे चारही स्क्रू कागदाच्या पुडीत नीट बांधून ठेवलेत. वस्तू जपून ठेवायची तिला सवय आहेच. पाटी आता कुठे लावायची, ते मात्र तिने सांगितलेलं नाही.